प्रौढ दिव्यांगांसाठी नाशकात छोटं सामूहिक घर: सरकारी पैसा कुठून आणि सुरुवात कुठून?

पाथर्डीफाटा_पालकगट

नमस्कार मंडळी. इंदिरानगर, पाथर्डी फाटा आणि नाशिकरोड मिळून अकरा कुटुंबांचा गट आहे. मुलांची वयं २४ ते ४३. सात जणांना बौद्धिक अक्षमता, दोघं स्वमग्न, दोघांना सेरेब्रल पाल्सी. त्या दोघांना व्हीलचेअर लागते. सगळ्यांचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झालेलं आहे. पालक साठी ते ऐंशीच्या घरात. पहिल्या टप्प्यात सहा जणांची कायमची सोय करायची आहे. गावाबाहेरचा आश्रम नको, वस्तीतलं घर हवं.

समोर दोन पर्याय आहेत. एक कुटुंब म्हसरूळच्या पुढचा तीन गुंठ्यांचा प्लॉट द्यायला तयार आहे. नाहीतर इंदिरानगर भागात एकाच इमारतीत शेजारशेजारचे दोन फ्लॅट घ्यायचे. महापालिकेचा पाच टक्के निधी, नॅशनल ट्रस्ट, म्हाडा, आवास योजना, सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामांचा निधी) अशी बरीच नावं कानावर येतात. यातलं नेमकं कशासाठी काय मिळतं? अर्ज आधी कुठे करायचा? आणि एका घरात किती जण ठेवावेत?

---

हिशेबाची_वही

प्रश्नाचा क्रम उलटा करा. जागा आणि बांधकाम शेवटी. आधी महिन्याचा खर्च कागदावर मांडा, कारण भिंतींना पैसे देणारे भेटतात, रात्रपाळीच्या माणसाच्या पगाराला भेटत नाहीत. रंग दिलेली, फीत कापलेली आणि कुलूप लागलेली घरं याच कारणानं दिसतात.

सहा जणांचं घर धरू. रात्रंदिवस एक माणूस हजर हवा म्हणजे आठवड्याचे १६८ तास. एक माणूस ४८ तास काम करतो. भागाकार साडेतीन येतो. साप्ताहिक सुट्टी, आजारपण, दिवाळी-आखाजीची रजा धरली की चार. म्हणजे "एक केअरटेकर ठेवू" या वाक्याचा अर्थ चार पगार असा होतो. बहुतेक प्रकल्प अहवालांत इथे एक किंवा दोन पगार लिहिलेले असतात आणि तिथेच पुढचं गणित फसतं.

पगार १६,००० धरला तर चौघांचे ६४,०००. सकाळी आंघोळी-नाश्त्याच्या आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेला एक जादा मदतनीस १६,०००. स्वयंपाकाच्या ताई १२,०००. अर्धवेळ समन्वयक १२,०००. झाले १,०४,०००. सहा जणांचं खाणं-पिणं माणशी ४,५०० नं २७,००० आणि ड्युटीवरच्या माणसांचं जेवण ६,०००. वीज, गॅस, पाणी, इंटरनेट १२,०००. औषधं, फिजिओ, रिक्षा १५,०००. दुरुस्तीसाठी बाजूला ६,०००. बेरीज १,७०,०००, माणशी २८,३०० च्या आसपास. आकडे तुमच्या भागातल्या दरानं बदला, पण ओळी गाळू नका.

आता "किती जण" याचं उत्तर याच गणितात आहे. चार जण ठेवले तर पगार जवळपास तेवढेच राहतात आणि माणशी खर्च ३८,००० च्या पुढे जातो. आठ केले तर एक पगार वाढवूनही माणशी २५,००० वर येतो. म्हणजे चारवरून सहावर जाताना दहा हजार वाचतात, सहावरून आठवर जाताना जेमतेम तीन. त्या तीन हजारांसाठी रात्री एका माणसावर आठ जण सोपवायचे का, हे तुम्ही ठरवा. माझं मत सहा.

सरकारकडून महिन्याला थेट काय येतं? संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता दरमहा २,५०० रुपये आहेत. सहाही जण पात्र ठरले तरी १५,०००. शिवाय कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट ५०,००० ची आहे. पेन्शनर आईवडिलांची मुलं त्यात बसत नाहीत. उरले १,५५,००० महिन्याला, वर्षाला १८.६ लाख. हे नुसत्या ठेवीच्या व्याजातून काढायचं म्हटलं तर साडेसहा टक्क्यांनी २ कोटी ८६ लाखांची ठेव लागते, आणि त्यात महागाई धरलेलीच नाही. त्यामुळे मिश्रण करावं लागतं: कुटुंबांचं ठरलेलं मासिक योगदान, महापालिकेकडून सेवेचा मोबदला आणि उरलेल्यासाठी छोटी ठेव.

पाच टक्के निधी. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांग कल्याणावर खर्चायची हा राज्याचा नियम. हा पैसा प्रामुख्यानं मासिक अर्थसाहाय्य, साहित्यवाटप, रॅम्प-स्वच्छतागृहं यांवर जातो, कारण त्याची लेखाशीर्षं (अंदाजपत्रकातली खर्चाची ठरलेली खाती) आधीपासून तयार असतात. सामूहिक घरासाठी लेखाशीर्ष नसेल तर अधिकारी सहानुभूतीनं चहा पाजेल, पैसे देऊ शकणार नाही. म्हणून मागणी "आम्हाला मदत करा" अशी न करता "पाठबळासह निवास सेवा या नावाचं स्वतंत्र लेखाशीर्ष उघडून अमुक तरतूद करा" अशी करायची. आयुक्तांचं अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमारास स्थायी समितीकडे जातं, त्यामुळे कागद नोव्हेंबरातच महापालिकेच्या राजीव गांधी भवनात पोचलेला हवा. मार्चमध्ये नेलेला अर्ज पुढच्या वर्षाचा.

त्याआधी माहिती अधिकारात एक अर्ज टाका: मागच्या तीन वर्षांची पाच टक्क्यांची तरतूद, प्रत्यक्ष खर्च, लेखाशीर्षनिहाय. दहा रुपये आणि तीस दिवस. अखर्चित रक्कम हातात आली की बोलणं वेगळ्या पातळीवर जातं.

मागायचं काय? रोख अनुदानापेक्षा सेवाकरार मागा. शहरी बेघर निवारा केंद्रांची पद्धत समोर आहेच: इमारत पालिकेची, चालवणारी संस्था निविदेतून नेमलेली, माणसांचे पगार करारात. त्याच साच्यात सहा जणांचं घर बसतं. निविदेत दर "प्रति व्यक्ती" ठेवू नका. एक जागा दोन महिने रिकामी राहिली तर सहावा हिस्सा जातो आणि पगार तेवढेच राहतात. दर "प्रति घर" ठेवा. बिलं तीन-चार महिने अडकतात हे गृहीत धरून सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे १०.२ लाख, वेगळा ठेवल्याशिवाय दार उघडू नका.

---

जोतं_ते_छत

वरचा हिशेब कोणत्याही जागेला लागू आहे. मी फक्त जागेबद्दल लिहितो.

म्हसरूळच्या पुढचा प्लॉट मंजूर लेआउटमधला आहे की सातबाऱ्यावर नाव असलेला गुंठेवारीतला? बिगरशेती आदेश आणि मंजूर लेआउटची प्रत नसेल तर सरकारी पैशाचा विषय तिथेच संपतो. कागद ठीक असले तरी तीन गुंठे म्हणजे सुमारे ३०३ चौरस मीटर. सामासिक अंतरं (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), व्हॅन वळवायला जागा आणि रॅम्प सोडून तळमजल्यावर सहा जणांचं घर ओढूनताणून बसतं. त्याहून मोठा प्रश्न: चालत जाण्याच्या अंतरावर सिटीलिंक बसचा थांबा, किराणा, दवाखाना, कर्मशाळा आहे का? नसेल तर रोज गाडी आणि चालक आला, आणि तो वरच्या बेरजेत नाही.

फ्लॅट घेणार असाल तर आधी पार्किंगमधून लिफ्टच्या दारापर्यंत चालत जा. नाशकातल्या असंख्य स्टिल्ट (खांबांवर उभ्या, खाली पार्किंग असलेल्या) इमारतींत लिफ्टच्या आधी तीन पायऱ्या असतात. तिघांनी उचलून नेता येतं म्हणून कोणी बोलत नाही, पण रात्री ड्युटीवर एकच माणूस आहे. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. तीन पायऱ्यांचे ४५० मिलिमीटर चढायला ५.४ मीटर लांबी लागते, वर-खाली दीड-दीड मीटरची सपाट जागा, म्हणजे ८.४ मीटर. पार्किंगच्या एका खणात ते बसत नाही. बसवतात तेव्हा उतार १:६ होतो. त्यावरून चाक खाली पळतं. रॅम्पची रुंदी किमान १२०० मिलिमीटर, दोन्ही बाजूंना ७६० आणि ९०० उंचीवर दोन कठडे, टोकांना ३०० पुढे काढलेले.

पूररेषा बघा. पंचवटीच्या खालच्या भागात, नासर्डी आणि वालदेवीच्या काठानं तळमजला स्वस्त मिळतो तो त्याच कारणानं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की तळमजला रिकामा करावा लागतो, आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला मध्यरात्री हलवणं हा आराखड्याचा भाग असू शकत नाही. निळ्या (नेहमीच्या पुराच्या) आणि लाल (मोठ्या पुराच्या) रेषेच्या मध्ये बांधायचं तर जोतं उंच घ्यावं लागतं. उंच जोतं म्हणजे लांब रॅम्प. एक मीटर जोत्याला बारा मीटर उतार आणि मधले टप्पे. हिशेब करूनच प्लॉट निवडा.

आतलं. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, चौकट ९०० नव्हे. बाजारातलं तीन फुटी दार चौकट आणि पल्ल्याची जाडी वजा जाता ८२०-८३० देतं आणि बोटं सोलवटतात. खोलीत आणि न्हाणीघरात १५०० व्यासाचं वळायचं वर्तुळ. उंबरा १२ मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

सगळ्यात जास्त चुका न्हाणीघरात होतात. आपल्याकडे बाथरूमची फरशी बाहेरपेक्षा इंचभर खाली ठेवायची सवय, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. ती पायरी काढायची तर स्लॅब टाकण्याआधी तिथला भाग जास्त खाली घ्यावा लागतो, उतार आतल्या कोपऱ्याकडे आणि दाराशी लांब जाळीचा नाला. तयार फ्लॅटमध्ये हे करायला गेलात की खालच्या मजल्यावर गळती आणि सोसायटीत भांडण. तळमजल्याखाली पार्किंग असेल तर तेवढं सोपं, पाइप खालून नेता येतात. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, म्हणजे आत कोणी पडलं तर दार अडत नाही. कडी बाहेरून उघडता येणारी. कमोडच्या बैठकीची उंची ४५० ते ४८०. पकडदांड्या ३२ ते ४५ व्यासाच्या, आणि त्यामागची भिंत भरीव विटांची. पोकळ ब्लॉकमध्ये बसवलेली दांडी पहिल्या ओढीला हातात येते. फरशी खरबरीत. पॉलिश केलेला कोटा ओला झाला की काच.

स्वमग्न रहिवाशांसाठी रॅम्पपेक्षा आवाज महत्त्वाचा: पाण्याचा पंप, लिफ्टची मोटर आणि मिक्सर त्यांच्या खोलीच्या भिंतीला लागून नकोत. ट्यूबलाइटची फडफड नको. एक छोटी, रिकामी, शांत खोली ठेवा. खोली "वाया जाते" म्हणून तिथे गाद्या रचल्या जातात, त्या रचू देऊ नका.

लिफ्टचं स्वयंचलित सुटका यंत्र वीज गेल्यावर फक्त जवळच्या मजल्यावर दार उघडून देतं, नंतर लिफ्ट बंदच. जनरेटर किंवा पुरेसा इन्व्हर्टर लिफ्टला जोडलाय का ते सोसायटीकडून लेखी घ्या.

---

कलमकसाई

कायद्याची बाजू जोडतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ५ म्हणतं की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि तिला विशिष्ट ठिकाणीच राहायला भाग पाडू नये. कलम ३७ मध्ये घरांच्या सरकारी योजनांत पाच टक्के आरक्षण, दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य, आणि निवारा-निवासासाठी सवलतीच्या दरानं जमीनवाटपात पाच टक्के. याचा अर्थ "मागितला की प्लॉट" असा नाही. वाटप निघेल तेव्हा त्यात वाटा, असा आहे. विकास आराखड्यातलं एखाद्या जागेचं आरक्षण बदलून ती या वापरासाठी घ्यायची असेल तर प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचंही कलम ३७ च लागतं: सूचना, महिनाभर हरकती, मग शासनाची मंजुरी. दोन कायद्यांची दोन ३७ एकाच अर्जात नुसतं "कलम ३७ नुसार" असं लिहून पाठवलेली असतात आणि फाइल चुकीच्या टेबलावर पोचते. पूर्ण नाव लिहा.

नॅशनल ट्रस्ट. १९९९ चा हा कायदा चारच प्रकारांना लागू: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता. तुमचे अकराही जण बसतात. पालकांची संघटना त्यात नोंदणी करू शकते. प्रौढांच्या निवासासाठी "घरौंदा" हे नाव तिथलंच, पण त्याची आखणी मोठ्या तुकडीसाठी आहे. सहाच्या घराला ते कापड अंगाला बसत नाही. ओढून बसवायचं म्हणून माणसं वाढवू नका. "निरामय" विमा मात्र सगळ्यांचा काढा, एक लाखापर्यंतचा उपचारखर्च.

म्हाडा आणि आवास योजना दोन्ही व्यक्ती किंवा कुटुंबाला घर देतात, संस्थेला नाही. पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो, पण वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत आणि कुटुंबाच्या नावे कुठेही पक्कं घर नसावं. इंदिरानगरात फ्लॅट असलेल्या पालकांनी यात वेळ घालवू नये. चार हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांत वीस टक्के घरं अल्प उत्पन्न गटांसाठी असतात, ती म्हाडाच्या नाशिक मंडळाच्या सोडतीत येतात, दिव्यांगांचा गट वेगळा असतो. सोडतीत सहा जणांना एकाच इमारतीत घर लागणं नशिबाच्या गोष्टी.

सीएसआर भांडवली खर्चाला चांगला. पण त्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावे राहू शकत नाही. सीएसआर नोंदणी क्रमांक असलेली संस्था, लाभार्थी किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याच नावे हवी. अनेक वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाची मुदत सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. अंबड-सातपूरच्या कंपन्यांकडे जाताना लिफ्ट, रॅम्प, न्हाणीघरं, इन्व्हर्टर मागा. पगार मागितलात तर चौथ्या वर्षी काय, हे तुम्हालाच विचारतील.

प्लॉट दान घेण्याबद्दल. सार्वजनिक न्यासाच्या नावे एकदा जमीन चढली की विकायला किंवा लांब मुदतीनं भाड्यानं द्यायला धर्मादाय आयुक्तांची कलम ३६ ची परवानगी लागते. देणाऱ्या कुटुंबाला "आमच्या मुलीला कायम एक खोली" असं वाटत असतं. ते दानपत्रात मोघम लिहिलं की पुढच्या पिढीत कोर्ट. त्यापेक्षा तो प्लॉट त्यांनी विकावा आणि फ्लॅटमध्ये रक्कम घालावी.

---

पाथर्डीफाटा_पालकगट

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. प्लॉट गुंठेवारीतलाच आहे, त्यामुळे तो विषय बंद. दोन शंका राहिल्या. फ्लॅट कोणाच्या नावे घ्यावेत? आणि "संस्था" म्हणून नोंदणी केली की सोसायटी आणि अग्निशमन दल वेगळे नियम लावतील, असं सांगतात. ते खरं का?

---

कलमकसाई

खरं आहे, म्हणून घर आणि सेवा या दोन वस्तू कागदावर वेगळ्या ठेवा.

फ्लॅट न्यासाच्या किंवा कलम ८ कंपनीच्या (नफा न वाटणाऱ्या कंपनीच्या) नावे. प्रत्येक रहिवाशाशी, किंवा पालकत्व आदेश असेल तर पालकाशी, स्वतंत्र लिव्ह अँड लायसन्स करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे तो नोंदवलेला. सेवेचा करार दुसरा, दुसऱ्या कागदावर. फायदा असा की सेवा देणारी संस्था वाईट निघाली तर ती बदलता येते, माणसं आपल्या खोलीतच राहतात. एकच संस्था घरमालक आणि सांभाळणारी असेल तर तक्रार करणाऱ्यालाच सामान आवरायला सांगितलं जातं. खोलीची किल्ली, स्वतःचं कपाट, पाहुण्यांची वेळ, कोणाबरोबर खोली वाटून घ्यायची, हे रहिवासी ठरवतो असं करारात लिहा. संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं २०१७ मध्ये दिव्यांग हक्क कराराच्या कलम १९ वरच्या टिप्पणीत म्हटलंच आहे की पाच-आठ जणांचं घरसुद्धा संस्थेसारखं चालवलं तर ते स्वतंत्र राहणं ठरत नाही.

२०१६ च्या कायद्याच्या कलम ५० ची नोंदणी सेवा देणाऱ्या संस्थेनं करायची. अर्ज जिल्हा परिषदेच्या दिव्यांग कल्याणाच्या टेबलावरून पुण्याच्या आयुक्तालयाकडे जातो. नोंदणी नसताना कोणतंही शासकीय अनुदान मिळत नाही, त्यामुळे हे पाऊल नोव्हेंबरच्या अंदाजपत्रकी मागणीच्याही आधीचं.

पालकत्वासाठी नॅशनल ट्रस्ट कायद्याखालची स्थानिक स्तर समिती आहे, जिल्हाधिकारी कार्यालयात. पालक नेमल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. बहुतेक जण आदेशाला चौकट करून भिंतीवर लावतात आणि हिशेब विसरतात. एक पर्यायी पालक आत्ताच शोधा, ऐंशीच्या वडिलांच्या नावावर थांबू नका. ज्याला स्वतःचा निर्णय सांगता येतो त्याच्यासाठी मुळात पालकत्वाचा अर्ज करू नका.

---

जोतं_ते_छत

अग्निशमनाचं उत्तर वापराच्या वर्गात आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत सदनिका "ए-४" आणि वृद्ध-अशक्तांची निवासगृहं "सी-२". एकदा सी-२ चा शिक्का बसला की जिने, बाहेर पडायच्या वाटा, फवारे सगळं बदलतं आणि सात मजली जुन्या इमारतीत ते जमत नाही. दोन फ्लॅट, प्रत्येकी तीन रहिवासी, आपापलं स्वयंपाकघर, असा नकाशा घेऊन नगररचना विभागाकडून वापराबद्दल लेखी उत्तर घ्या. खरेदीखताआधी. तोंडी "काही अडचण नाही" ला किंमत नाही.

मधली भिंत पाडून एक मोठं घर करायचा मोह होईल. करू नका, वापर बदलल्याचा तो पहिला पुरावा ठरतो. शिवाय आर.सी.सी. नकाशा न बघता पाडलेली भिंत ही वेगळीच भानगड. ये-जा करायला एक आतलं दार पुरतं, तेही सोसायटीच्या आणि पालिकेच्या परवानगीनं. रात्रपाळीचा माणूस एकच असेल तर दोन्ही फ्लॅटमध्ये धूरसूचक एकमेकांना जोडलेले आणि बोलवायची घंटा दोन्हीकडे.

इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी दर जानेवारी आणि जुलैत भरायचा असतो. सोसायटीकडे मागच्या दोन वर्षांचे चार फॉर्म मागा. नसतील तर दुसरी इमारत बघा.

---

हिशेबाची_वही

मालमत्ता कराबद्दल राहिलं. महापालिका अधिनियमाच्या कलम १३२ मधली सूट फक्त सार्वजनिक धर्मादाय वापराच्या जागेला. तुम्ही रहिवाशांकडून लायसन्स फी घेणार, तेव्हा सूट धरून चालू नका. घरपट्टी निवासी दरानंच लागावी एवढं मात्र बघा, "संस्था" लिहिलं की बिगरनिवासी दर लावला जातो आणि तो दुरुस्त करायला वर्ष जातं. दोन फ्लॅटची घरपट्टी, पाणीपट्टी आणि सोसायटी मेंटेनन्स माझ्या १,७०,००० मध्ये नाही. महिन्याला ८-१० हजार त्यात वाढवा.